एक्सोसोम म्हणजे एकच एक औषध नाहीये

स्टेम सेलचं इंजेक्शन दिलं की त्या पेशी दुखऱ्या जागी जाऊन बसतात आणि नवीन टिशू तयार करतात असं अजूनही बरेच जण धरून चालतात, पण मेसेनकायमल स्टेम सेल (बोनमॅरो, चरबी अशा ठिकाणच्या स्टेम सेल) शिरेतून दिल्या तर बहुतेक फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांतच अडकतात आणि थोड्याच दिवसात नाहीशा होतात. तरी फायदा दिसतो, मग तो करतं कोण? २०१० मध्ये सिंगापूरच्या साई कियांग लिम यांच्या टीमने उंदरांना हार्ट अटॅकसारख्या इजेनंतर पेशी दिल्याच नाहीत, फक्त त्या पेशींनी बाहेर सोडलेले एक्सोसोम, म्हणजे पेशींच्या अतिसूक्ष्म पिशव्या, दिले आणि हृदयाचं नुकसान कमी झालं.

हे एक्सोसोम साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे, आत प्रोटीन आणि मायक्रोआरएनए, म्हणजे कुठलं प्रोटीन किती बनेल ते आवरणारे छोटे रेणू. इन्फ्लमेशन (दाह) भडकलेलं असताना मॅक्रोफेज, म्हणजे गिळंकृत करणाऱ्या इम्यून पेशी, टीएनएफ-अल्फा, आयएल-१ बीटा असले दाह वाढवणारे रेणू ओतत असतात, तिथे एक्सोसोममधून मायक्रोआरएनए-१४६ए त्या मॅक्रोफेजच्या आत गेलं की आयआरएके१ आणि टीआरएएफ६ ही प्रोटीनं कमी बनतात, त्यामुळे दाह पेटवणारा एनएफ-कप्पा-बीचा सिग्नल मंदावतो आणि मॅक्रोफेज दुरुस्तीच्या कामाकडे वळतात. स्टिरॉइडसारखं सरसकट दाबून टाकणं नाही हे, मेलेल्या पेशी गिळायचं काम चालूच राहतं.

मला सगळ्यात भारी वाटतो तो सीडी७३ चा भाग. जखमी पेशींतून एटीपी (पेशीचं ऊर्जेचं रसायन) गळतं, इम्यून सिस्टिमसाठी तो धोक्याचा इशारा. त्याचं तुटून एएमपी होतं, आणि एक्सोसोमच्या पृष्ठभागावरचं सीडी७३ हे एन्झाइम त्याच एएमपीपासून अडेनोसिन बनवतं, जे टी सेलना (हल्ला करणाऱ्या इम्यून पेशींना) शांत करतं! म्हणजे जिथे इजा जास्त तिथेच शांत करायचा कच्चा मालही जास्त.

पण सगळे एक्सोसोम सारखे नसतात, आणि हेच मला कळकळीने सांगायचंय. स्टेम सेलना आधी आयएल-१ बीटा देऊन डिवचलं तर त्यांच्या एक्सोसोममध्ये मायक्रोआरएनए-१४६ए वाढतं. डोनर बदलला तरी माल बदलतो. जर्मनीत एसेनच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये एक केस छापली, बोनमॅरो ट्रान्सप्लांटसारख्या उपचारानंतर डोनरच्या पेशी पेशंटच्याच शरीरावर उलटल्या होत्या, स्टिरॉइड दाद देत नव्हते, तेव्हा त्यांनी चार वेगळ्या डोनरच्या मेसेनकायमल स्टेम सेलचे एक्सोसोम आधी लॅबमध्ये तपासले, त्यातला एक निवडला आणि मगच दिला. लक्षणं कमी झाली, स्टिरॉइडचा डोस बराच खाली आणता आला. तो पेशंट पुढे काही महिन्यांनी न्यूमोनियाने गेला, आणि एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही हेही खरंच, पण निवडायची ती काळजी बघा.

आणि इकडे पुण्या-मुंबईत केसांसाठी, चेहऱ्यासाठी ‘एक्सोसोम थेरपी’च्या जाहिराती सर्रास दिसतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१९ च्या डिसेंबरमध्येच इशारा दिला होता, मान्यता नसलेले एक्सोसोम घेऊन नेब्रास्कात पेशंटना गंभीर त्रास झाल्यावर. तुमच्या घरात कोणी संधिवाताने बेजार होऊन असलं इंजेक्शन घ्यायच्या विचारात असेल तर आधी प्लीज विचारा, पेशी कुठल्या, डोनर कोण, या बॅचची इम्यून पेशींवर टेस्ट केलीये का, आणि परवानगी नक्की कुठल्या आजारासाठी आहे. उत्तर लेखी मागा.