चित्रकला बरी आहे म्हणून इंटिरियर?

मी नागपुरात इंटिरियर डिझाइनचं काम करते, त्यामुळे बारावीचे निकाल लागले की मला फोन सुरू होतात. कोणाची भाची, कोणाच्या बँकेतल्या सहकाऱ्याची मुलगी, कोणाच्या शेजाऱ्यांचा मुलगा. वाक्य मात्र ठरलेलं असतं, "ताई, पोरीची चित्रकला बरी आहे, मॅथ्स काही जमून नाही राहिलं, तर इंटिरियरला टाकावं म्हणतो." मी म्हणते, चित्रकला बरी असेल तर छानच, पण मॅथ्सपासून पळायला म्हणून येत असेल तर जरा थांबा बाप्पा, कारण हा कोर्स म्हणजे तीन-चार वर्षं हातात टेप घेऊन फिरणं आहे. लोकांना वाटतं पडदे, कुशन, भिंतीचा रंग. ते असतं, पण ते सगळ्यात शेवटी येतं आणि खरं सांगायचं तर तेवढं कोणालाही शिकता येतं.

माझ्याकडे दर उन्हाळ्यात एक-दोन इंटर्न असतात आणि मधूनमधून मला कॉलेजात ज्यूरीला, म्हणजे मुलांची कामं तपासायला, पण बोलावतात, त्यामुळे मुलं नेमकं काय शिकून येतात ते जवळून दिसतं. पहिलं वर्ष जवळपास सगळं हाताने. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, 2एच आणि एचबी पेन्सिली, लेटरिंगच्या कंटाळवाण्या शीट्स, मग प्लॅन (वरून दिसणारा नकाशा), एलिव्हेशन (समोरून दिसणारा), सेक्शन (मधून कापल्यासारखा), मग पर्स्पेक्टिव्ह, माउंट बोर्ड कापून मॉडेल (आणि कटरने कापलेली बोटं, ते वेगळंच). बेसिक डिझाइन म्हणून रेषा-आकार-रंगाचे व्यायाम असतात, त्यात घरचे हमखास विचारतात की हे काळे-पांढरे चौकोन चिकटवून काय होणार आहे. होतं काहीतरी, पण ते दुसऱ्या वर्षी कळतं.

खरी मजा अँथ्रोपोमेट्रीपासून सुरू होते, म्हणजे माणसाच्या शरीराची मापं. खुर्चीची बैठक 18 इंच, टेबल 30 इंच, मधले 12 इंच मांड्या आत जायला आणि हात आरामात टेकायला. हे आकडे पाठ करणं सोपं आहे. पण चांगले शिक्षक सांगतात की आकडे पाठ करू नका, घरी जाऊन आपल्या माणसांना मोजा. माझी एक इंटर्न नागपुरातल्या महाल भागात राहायची, जुनं घर, आजी स्वयंपाक करणारी. तिने आजीला भिंतीला टेकवून उभं केलं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावला. आजी पाच फुटांच्या आतली, कोपर 37 इंचाच्याही खाली. ओट्याचा साधा हिशोब असा की कोपराच्या 4 ते 6 इंच खाली ओटा हवा, म्हणजे आजीला फार तर 33. आणि घरातला ओटा 35 चा, कारण रिनोव्हेशनच्या वेळी कोणीतरी ओट्याच्या जुन्या फरशीवरच ग्रॅनाइट चढवलं होतं. आजी इतकी वर्षं खांदे वर करून पोळ्या लाटत होत्या आणि सगळे म्हणायचे की वयामुळे खांदा दुखतो. त्या पोरीचं त्या दिवसापासून ड्रॉइंग बदललं, मी बघितलं, ती प्लॅनमध्ये माणसं काढायला लागली.

किचनचा इतिहास पण शिकवतात आणि तो मला फार आवडतो. 1926 मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की नावाच्या आर्किटेक्ट बाईने जर्मनीत फ्रँकफर्टच्या सरकारी घरांसाठी एक चिमुकलं किचन डिझाइन केलं, बाईला किती पावलं चालावी लागतात याचा हिशोब करून, आज आपण जे मॉड्युलर म्हणतो त्याची ती पणजी. नंतर 1940 च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात वर्क ट्रँगल आला, सिंक-गॅस-फ्रिज हा त्रिकोण, तिन्ही बाजूंची बेरीज 26 फुटांच्या आत ठेवा वगैरे. परीक्षेत मुलं हे सगळं व्यवस्थित लिहितात. मग मी विचारते, बरं, उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरला की कोठ्या कुठे ठेवणार? शांतता. कुरडया-पापडांचे डबे? शांतता. सावजी रस्सा करायचा त्या दिवशी मसाला भाजल्याचा धूर? मग कोणीतरी हळूच "चिमणी" म्हणतं. अरे पण चिमणीचा पाइप बाहेर कुठून काढणार, बीममधून? विदर्भातलं स्वयंपाकघर हे तीन टोकांच्या त्रिकोणात बसत नाही, त्याला चौथं टोक धान्याचं लागतं, हे माझं मत आणि ते मी सगळ्या ज्यूरींमध्ये ऐकवते, लोक कंटाळलेत आता.

मटेरियल हा विषय वर्गात शिकवून होतच नाही. त्यासाठी लकडगंजला, नागपूरच्या लाकूडबाजारात, जावं लागतं. सॉ मिल, प्लायची गोदामं, हार्डवेअरची दुकानं, आणि सागवान म्हटलं की आपला सीपी टीक, सेंट्रल प्रोव्हिन्सेसच्या काळापासूनचं नाव आहे ते. मुलांना सर्व्हे दिलेला असतो, दहा प्रकारच्या लाकडांचे नमुने आणि भाव आणा म्हणून. दुकानदार पहिल्यांदा लक्षच देत नाहीत, कारण त्यांना कळतं की हे घेणारं गिऱ्हाईक नाही. दुपारी गर्दी ओसरली की मग एखादे शेठजी बसवून सांगतात, आणि तो अर्धा तास सेमिस्टरभराच्या नोट्सपेक्षा भारी असतो. प्लायवर आयएस 303 छापलंय की आयएस 710 ते आधी बघायचं, 303 म्हणजे साधं नेहमीच्या कामाचं. 710 म्हणजे मरीन, 72 तास उकळत्या पाण्यात ठेवूनही थर सुटायला नको अशी त्याची अट. सिंकखाली ते लावा, बेडरूमच्या माळ्याला कशाला लावता? पैसे जास्त झाले असतील तर गोष्ट वेगळी. शिक्का मारणारे सगळेच प्रामाणिक नसतात म्हणून कापलेली कडा पण बघायची, आतल्या थरात पोकळी आहे का, थर सारखे आहेत का. एका मुलाने होस्टेलच्या इलेक्ट्रिक केटलमध्ये प्लायचा तुकडा उकळला होता, केटल गेली, तुकडा टिकला.

आणि आता ते, जे मला शिकवायला सगळ्यात आवडतं. प्लायचं शीट 8 बाय 4 फुटांचं येतं. वॉर्डरोबची खोली साधारण 24 इंच धरतात कारण हँगर 17-18 इंचाचा, त्याला दोन्हीकडे जागा पाहिजे, वर शटरची, म्हणजे दाराची जाडी. मुलं काय करतात, कॅडमध्ये मस्त 24 इंचाचे साइड पॅनल काढतात आणि म्हणतात 48 इंचाच्या शीटमधून दोन बरोबर निघतील, वेस्टेज झिरो. मिस्त्री ड्रॉइंग बघतो आणि हसतो. कारण कटरचं पातंच जवळपास एक सूत लाकूड खातं, म्हणजे दोन 24 इंच कधीच निघत नाहीत. म्हणून कारकस, म्हणजे कपाटाचा सांगाडा, पावणेचोवीस किंवा त्याच्या आत धरायचं, वर शटर आलं की भरून निघतं. आता यातला सूत हा शब्दच कॉलेजात कोणी सांगत नाही. इंचाचे आठ भाग, एक भाग एक सूत, म्हणजे तीन एमएमच्या किंचित वर. 19 एमएमचं प्लाय म्हणजे सहा सूत. मुलं ड्रॉइंग एमएममध्ये देतात कारण तसंच शिकवलंय आणि तेच बरोबर आहे, पण साइटवर आमचे मिस्त्री काका म्हणतात, "ताई, हे एमएम-फिमएम मले नका सांगू, किती इंच किती सूत ते बोला." मग ती पोरगी मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर काढते. दोन महिन्यांनी कॅल्क्युलेटर लागत नाही, आणि तेवढ्यात गुण्या (काटकोन बघायचा), ओळंबा (उभी सरळ रेष बघायचा), पाण्याची लेव्हल हे पण कळलेलं असतं, आणि हेही की नागपुरातली कुठलीच भिंत गुण्यात नसते. (पुण्यातलीही नसेल, पण मी मोजलेली नाही.)

लाइटिंग शिकायला मी इंटर्नला इतवारीत साडीच्या दुकानांत पाठवते. नुसतं उभं राहा आणि बघा. काकू साडी उचलतात आणि दुकानाच्या दाराशी घेऊन जातात, का? कारण आतल्या स्वस्त एलईडीखाली मरून रंग तपकिरी दिसतो. याला सीआरआय म्हणतात, दिव्याखाली रंग किती खरा दिसतो त्याचं माप, 100 पैकी. कपड्याच्या दुकानात 90 च्या वरचे दिवे लावा, काकू आतच पसंत करतील. आणि केल्विनचं, म्हणजे उजेडाच्या रंगाचं गणित, 3000 म्हणजे पिवळसर, 6500 म्हणजे पांढराफटक, हे कळलं की मुलं घरोघरी जाऊन "काय हॉस्पिटलसारखा लाइट लावलाय" म्हणत नातेवाइकांचा अपमान करायला लागतात. तो एक फेज असतो.

बाकी सर्व्हिसेस म्हणजे वायरिंग, प्लंबिंग, एसी, अकूस्टिक्स. हे बहुतेकांना बोअर होतं. पण लाइटला दीड स्क्वेअर एमएमची वायर, मोठ्या सॉकेटला अडीच, गीझर-एसीला चार, हे ज्याला माहीत नाही त्याने कोणाच्या घरात पॉइंट मार्क करू नयेत.

आता कूलर. हा माझा जुना राग आहे. पुस्तकातली प्रत्येक बेडरूम एसीची असते, दारं-खिडक्या बंद, थंड हवा आतल्या आत. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर, अर्ध्या शहराच्या खिडकीला लोखंडी स्टँडवर कूलर. कूलरचं विज्ञान एसीच्या बरोबर उलटं आहे. बाहेरची कोरडी गरम हवा ओल्या खसमधून येते, पाण्याची वाफ होताना उष्णता जाते, हवा थंड आणि दमट होऊन आत येते, आणि ती दुसरीकडून बाहेर गेलीच पाहिजे, नाहीतर तासाभरात खोलीत चिकचिक. म्हणजे कूलरच्या समोरच्या बाजूला एक खिडकी किंवा दार उघडं लागतं. आता तुम्ही त्याच बाजूला फुल हाइट वॉर्डरोब मारला, खिडकी अर्धी झाकली, की संपलं. वर ती दमट हवा दिवसरात्र वॉर्डरोबवर आदळते, कोपऱ्यात जिथे हवा फिरत नाही तिथे मागच्या प्लायला बुरशी, ड्रॉवर फुगून अडकतात, पावसाळ्यात कपड्यांना वास. मग लोक म्हणतात प्लाय खराब निघालं. प्लाय ठीक होतं, जागा चुकली. वॉर्डरोब पश्चिमेच्या भिंतीला घ्या, तापणारी भिंत झाकली जाते आणि खोलीला फायदा, भिंतीपासून थोडी फट सोडा, मागच्या प्लायला आतून पण लॅमिनेट किंवा निदान प्रायमर मारा, कूलरचा झोत पलंगावरून जाऊन दाराकडे निघेल असं फर्निचर लावा, खिडकीपाशी प्लग पॉइंट आणि पाण्याची लाइन द्या, नाहीतर जून येईपर्यंत घरातलं कोणीतरी बादल्या वाहतंय. यातलं काहीही अवघड नाही. पण मुलं ज्या रेफरन्स इमेजेस बघून शिकतात त्यात कूलर कधी दिसतच नाही, कारण तो फोटोत चांगला दिसत नाही. मी तर इंटर्नला पहिल्या आठवड्यात सांगते, प्लॅनमध्ये कूलर काढ, मग पलंग काढ.

सॉफ्टवेअरबद्दल फार लिहीत नाही, ऑटोकॅड, स्केचअप, रेव्हिट, थ्रीडी मॅक्स, हे येतंच, यूट्यूबवर पण येतं. रेंडर, म्हणजे खोलीचं कॉम्प्युटरवरचं चित्र, बघून क्लायंट खूश होतो आणि नंतर तोच रेंडर दाखवून भांडतो की असा उजेड कुठे पडतोय. मला विचाराल तर एस्टिमेटचा पेपर जास्त कामाचा. किती शीट, किती स्क्वेअर फूट लॅमिनेट, किती बिजागऱ्या, किती चॅनल, मजुरी वेगळी, वेस्टेज वेगळं. बीओक्यू, म्हणजे हाच सगळा हिशोबाचा तक्ता, नीट करता येणारी मुलगी माझ्याकडे कधी रिकामी बसलेली नाही.

एक गोष्ट पालकांनी आधीच समजून घ्यावी. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला 1972 चा आर्किटेक्ट्स अॅक्ट आहे, पाच वर्षांचं बी.आर्क. आणि काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन लागतं. इंटिरियर डिझायनर या नावाला असं कुठलंच कायद्याचं कुंपण नाही, त्यामुळे चार वर्षांचं बी.डिझाइन, तीन वर्षांचं बीएस्सी, वर्षाचा डिप्लोमा, आणि फर्निचरचं दुकान टाकलेले भाऊ, सगळे एकाच बाजारात. म्हणून पोरांना हे पण शिकवावं लागतं की कॉलम आणि बीमला हात लावायचा नाही, हॉल मोठा करून द्या म्हणून क्लायंट कितीही मागे लागला तरी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय भिंत पाडायची नाही. आणि वास्तूवरून वाद घालायचा नाही. सासूबाई म्हणाल्या देवघर ईशान्येला, तर ईशान्येला. तिथे टॉयलेट असेल तर मात्र चहा मागवा, वेळ लागतो.

तर कॉलेज बघायला जाल तेव्हा बिल्डिंग बघू नका, मटेरियलची खोली दाखवा म्हणा. असेल तर तिथले नमुने हाताळून खराब झालेले आहेत का बघा, काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवले असतील तर काय उपयोग. शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा की साइटवर किती वेळा नेलं आणि इंटर्नशिप कोणी शोधून दिली. वर्कशॉपमध्ये रंधा मारायला मिळतो का ते विचारा. आणि महागडा लॅपटॉप अॅडमिशनच्या दिवशीच घेऊ नका, पहिलं वर्ष बरंचसं हातानेच जातं, दुसऱ्या वर्षी घ्या, ग्राफिक्स कार्डवालाच घ्या, आत्ता त्या पैशातून एक चांगला ड्रॉइंग बोर्ड आणि पाच मीटरचा स्टीलचा टेप घ्या.