पुण्यातली गाडी, श्टुटगार्टमधली गाडी आणि मधल्या तारखा

कंपनीने दोन-तीन वर्षांसाठी परदेशी पाठवायचे ठरवले, की घरात बोलणी सुरू होतात ती व्हिसाची, मुलांच्या शाळेची आणि थंडीच्या कपड्यांची. गाडीच्या विम्याचा विषय त्या यादीत फार खाली असतो आणि बहुधा निघण्याच्या आदल्या आठवड्यात कोणीतरी "मग गाडीचे काय?" असे विचारते तेव्हाच तो वर येतो. पुणे-चाकण आणि जर्मनीतले श्टुटगार्ट यांच्यातली वाहन उद्योगातील लोकांची ये-जा आता नित्याची झाली आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे श्टुटगार्टचे राज्य आणि महाराष्ट्र यांच्यात २०१५ पासून भागीदारी आहे आणि २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळासंबंधीचा करारही झाला, त्यामुळे हा प्रश्न केवळ इंजिनियरांच्या घरांपुरता राहिलेला नाही. दीर्घ मुक्कामासाठी येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो : या विषयात हप्त्याच्या रकमेपेक्षा तारखा अधिक महत्त्वाच्या आहेत, आणि त्यांतल्या काही तारखा विमानात बसण्यापूर्वीच मोजायला लागायच्या असतात.

आधी पुण्यात राहणाऱ्या गाडीविषयी लिहितो, कारण तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. "गाडी सोसायटीत उभीच तर राहणार आहे, मग विमा कशाला?" हा प्रश्न मी अनेकांकडून ऐकला आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा अरण्येश्वर आणि सहकारनगर भागांत वाहून गेलेल्या गाड्यांपैकी कित्येक उभ्याच होत्या. पूर, आग, चोरी, अंगावर पडणारे झाड, यांतले काहीही गाडी चालवण्याची वाट पाहत नाही, आणि या साऱ्यांची भरपाई ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागातून मिळते, थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या विम्यातून मिळत नाही. येथे एक गफलत हमखास होते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या खासगी मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच घ्यावा लागतो. त्यामुळे "गाडीचा तीन वर्षांचा विमा काढलेला आहे" असे घरात सगळेच समजून चालतात, पण ओन डॅमेजचा भाग बहुधा एका वर्षाचा असतो आणि मालक परदेशात असताना तो गुपचूप संपून जातो. निघण्यापूर्वी पॉलिसीचा कागद हातात घेऊन या दोन्ही भागांच्या अखेरच्या तारखा वेगवेगळ्या वाचाव्यात आणि मागे राहणाऱ्या माणसाला लिहून द्याव्यात.

पॉलिसी संपली आणि नव्वद दिवसांच्या आत नूतनीकरण झाले नाही, तर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सवलत जाते. हा बोनस पहिल्या निर्धोक, म्हणजे दाव्याविना गेलेल्या वर्षानंतर २० टक्के मिळतो आणि पुढे २५, ३५, ४५ असा चढत ओन डॅमेजच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत पोचतो. म्हणजे पाच वर्षे एकही दावा न करता मिळवलेली सवलत तीन महिन्यांच्या विस्मरणात संपते. नव्वद दिवसांच्या आतला खंडही अगदी निरुपद्रवी नसतो, कारण पॉलिसी एकदा तुटली की पूर्ण विमा पुन्हा देण्यापूर्वी कंपनी गाडीची पाहणी मागते आणि त्या वेळी गाडी दाखवायला, फोटो काढून पाठवायला कोणीतरी तेथे असावे लागते. परदेशातून ऑनलाइन नूतनीकरण करताना सर्वांत मोठा अडथळा पैशांचा नसून ओटीपीचा असतो. भारतातला मोबाइल क्रमांक बंद पडला, की स्मरणपत्रही येत नाही आणि पैसे भरतानाचा संकेतही येत नाही. म्हणून ते सिम किमान रिचार्जवर चालू ठेवावे आणि विमा कंपनीकडे भाऊ, बहीण किंवा आईवडील यांच्यापैकी एकाचा क्रमांक व ईमेल नोंदवून घ्यावा.

गाडी भावाने किंवा मेहुण्याने चालवायची असेल, तर त्याच्याकडे वैध परवाना आहे आणि तो आपल्या परवानगीने चालवतो, एवढ्यावर थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज हे दोन्ही भाग लागू राहतात. मात्र पॉलिसीतला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा हा मालक-चालकासाठी असतो, म्हणजे ज्याच्या नावावर आरसी आहे त्याच्यासाठी. मालक श्टुटगार्टमध्ये आणि चालवणारा भाऊ कात्रजच्या घाटात, अशी स्थिती असेल, तर त्या भावाला या रकमेचे संरक्षण नाही. त्याच्यासाठी स्वतंत्र अपघात विमा काढणे हा खर्च फार मोठा नसतो, आणि घरच्या माणसाच्या हाती आपण गाडी सोपवतो तेव्हा तो करायलाच हवा असे मला मनापासून वाटते.

गाडी विकूनच जायचे ठरले, तर बोनस गाडीबरोबर विकला जात नाही, हे ध्यानात ठेवावे. बोनस माणसाचा असतो. विक्रीची कागदपत्रे दाखवून कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे पत्र मागून घ्यावे, ते तीन वर्षे चालते. दोन वर्षांच्या नेमणुकीवर जाणाऱ्यासाठी ही मुदत पुरेशी आहे, परंतु नेमणूक वाढली तर ती ओलांडली जाते, आणि नेमणुका वाढतातच.

आता जर्मनीकडे वळू. भारतातली पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. जास्तीचा हप्ता भरून ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांपर्यंत वाढवता येते, पण युरोपात तिचा उपयोग नाही. येथे गाडी घेतली, की नोंदणी कार्यालयात जाण्यापूर्वीच विमा ठरवावा लागतो, कारण कंपनीने दिलेला सात अक्षर-अंकांचा संकेत दाखवल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. ही व्यवस्था पाहण्यासारखी आहे. खिडकीवरची बाई तो संकेत संगणकात घालते, विमा आहे याची खातरजमा तेथेच होते, मग आपण शेजारच्या दुकानात जाऊन पत्र्यावर क्रमांक दाबून घ्यायचा आणि नुकत्याच रंगवलेल्या कोमट पाट्या घेऊन पुन्हा खिडकीशी यायचे, तेव्हा कुठे त्यांवर राज्याचा शिक्का चिकटतो. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर येण्याची वाट जवळजवळ बंदच केलेली आहे. भारतात विम्याशिवाय गाडी चालवताना पकडले गेल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीपासून आहे, तरीही विना विमा वाहने रस्त्यावर धावतात. कारण तपासणी गाडी रस्त्यावर आल्यानंतर होते.

सक्तीच्या विम्याला येथे हाफ्टफ्लिश्ट म्हणतात. माणसांना होणाऱ्या इजेसाठी कायद्याने किमान ७५ लाख युरोंचे संरक्षण लागते आणि बहुतेक कंपन्या एकूण १० कोटी युरोंपर्यंतचे देतात. भारतात जखमी किंवा मृत व्यक्तीच्या भरपाईला विमा कंपनीच्या बाजूने रकमेची मर्यादा नाही, पण दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला खासगी मोटारीच्या पॉलिसीत साडेसात लाख रुपयांची मर्यादा असते. जर्मनीत महागड्या गाडीचा एक दरवाजा आणि दिवा एवढ्यानेच ती रक्कम ओलांडली जाऊ शकते. सक्तीच्या विम्याच्या वर टाइलकास्को आणि फोलकास्को असे दोन थर असतात. पहिल्यात चोरी, आग, गारपीट, काच फुटणे आणि रानटी जनावरांची धडक येते, दुसऱ्यात आपल्याच चुकीने झालेले आपल्या गाडीचे नुकसानही येते. टाइलकास्कोत मार्टेन या मुंगसासारख्या प्राण्याने बॉनेटखालच्या वायरी आणि रबरी नळ्या कुरतडल्याचे नुकसानही धरलेले असते, इतके ते येथे नेहमीचे आहे. पुण्यात बरेच महिने उभ्या गाडीत उंदीर हेच काम करतात. तो दावा मान्य होईल की नाही, हे कंपनीगणिक आणि पॉलिसीच्या शब्दांगणिक बदलते, म्हणून निघण्यापूर्वी ते लेखी विचारून घ्यावे.

हप्ता ठरतो तो निर्धोक वर्षांच्या श्रेणीवर. दाव्याविना गेलेल्या प्रत्येक वर्षाला माणूस एक पायरी चढतो आणि एका दाव्याने अनेक पायऱ्या खाली येतो. नव्याने आलेल्या माणसाला सर्वांत खालच्या पायऱ्यांपासून सुरुवात करावी लागते आणि पहिल्या वर्षाचा हप्ता पाहून बहुतेकांना धक्का बसतो. भारतातल्या निर्धोक वर्षांचे प्रमाणपत्र काही कंपन्या विचारात घेतात, काही अजिबात घेत नाहीत, पण कागदच नसेल तर विचारायची सोयही राहत नाही. म्हणून आपल्या विमा कंपनीकडून लेटरहेडवर, इंग्रजीत, पॉलिसी क्रमांक, कालावधी आणि दावे शून्य असल्याचा स्पष्ट उल्लेख असलेले पत्र निघण्यापूर्वी घ्यावे. येथून ईमेल पाठवून ते मिळवणे शक्य असते, पण वेळ फार जातो आणि गाडी तर लगेच हवी असते.

सर्वांत गंभीर तारीख परवान्याची आहे. भारतीय परवान्यावर जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच गाडी चालवता येते, आणि त्या काळातही परवान्याचे जर्मन भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना सोबत असावा लागतो. एकूण मुक्काम बारा महिन्यांपेक्षा कमी आहे हे पटवून दिले, तर मुदत ३६४ दिवसांपर्यंत वाढवून मिळू शकते. दोन वर्षांसाठी आलेल्याला ती वाट नाही, त्याला लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. सहा महिने उलटल्यावर खिशात भारतीय परवाना असूनही तो माणूस कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना चालक ठरतो, आणि हा साधा दंडाचा नव्हे, तर फौजदारी गुन्हा आहे.

अशा वेळी अपघात झाला, तर विम्याचे काय होते हे नीट समजून घ्यायला हवे. सक्तीच्या विम्यातून जखमी माणसाला पैसे मिळतात, कारण ते संरक्षण त्याच्यासाठी आहे. त्यानंतर कंपनी चालकाकडून ५,००० युरोंपर्यंत वसुली करू शकते आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा कास्को दावा नाकारू शकते. भारतातही तत्त्व जवळपास हेच आहे : स्वर्ण सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिलेल्या निकालानंतर, परवान्यातील दोषाच्या प्रकरणांत कंपनीने आधी पीडिताला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायाधिकरणे देत आली आहेत. फरक असा, की भारतात त्या वसुलीला वरची मर्यादा नाही. मला या व्यवस्थेतली न्यायबुद्धी पटते. रस्त्यावर धडक बसलेल्या माणसाने समोरच्याच्या परवान्याची तारीख तपासलेली नसते.

उन्हाळ्यात आईबाबा येतात, आणि ज्या बाबांनी आयुष्यभर पुण्यात गाडी चालवली त्यांना ऑटोबानवर एकदा तरी चालवून पाहायचे असते. इच्छा रास्त आहे, पण जर्मन पॉलिसीत कोण चालवणार हे नोंदवलेले असते आणि त्यावर हप्ता ठरलेला असतो. नोंद नसलेल्या माणसाने चालवली, तर वाढीव हप्ता आणि करारातला दंड या दोन्हींची तयारी ठेवावी लागते. बऱ्याच कंपन्या काही दिवसांपुरता जास्तीचा चालक नोंदवून घेतात. आईबाबांचे विमान सुटण्यापूर्वी ती नोंद करावी आणि त्यांना आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणायला सांगावे.

उलट बाजूने, येथला माणूस आजारपणामुळे किंवा घरच्या कार्यासाठी चार-पाच महिने पुण्याला जातो, तेव्हा येथल्या गाडीची नोंदणी तात्पुरती थांबवता येते. त्यानंतर बहुतेक करारांत साधारण १८ महिन्यांपर्यंत विनाशुल्क विश्रांती विमा लागू होतो आणि त्यात सक्तीचा विमा व असल्यास टाइलकास्को चालू राहतो. अट अशी, की गाडी गॅरेजमध्ये किंवा कुंपण असलेल्या खासगी जागेत हवी, रस्त्याकडेला लावलेली चालत नाही. सहा महिन्यांपर्यंतचा खंड सामान्यतः पडलाच नाही असे धरून निर्धोक वर्षांची श्रेणी पुढे चालते. भारतातल्या उभ्या गाड्यांसाठी अशी सोपी, सर्वांना ठाऊक असलेली सोय असती, तर परदेशी गेलेल्या किती कुटुंबांची चिंता मिटली असती!

कायमचे परतताना येथल्या कंपनीकडूनही निर्धोक वर्षांचे प्रमाणपत्र घ्यायचे असते. भारतीय मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे वाहन विम्याच्या नियमावलीत, परदेशात मिळवलेला बोनस परतल्यावर ग्राह्य धरण्याची तरतूद आहे, मात्र परदेशातली पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत भारतात विमा घेतलेला असावा लागतो. हे प्रमाणपत्र जर्मनऐवजी इंग्रजीत मागावे, त्यावर पॉलिसी संपल्याची तारीख ठळक असावी, आणि ते सामानाच्या कंटेनरमध्ये न टाकता पासपोर्टच्या पाकिटात ठेवावे, कारण कंटेनर समुद्रमार्गे येईपर्यंत पुण्यात नवी गाडी घेऊनही झालेली असते.