रिफायनरीतले काउबॉय

फेब्रुवारी सरत आला की एका शुक्रवारी अख्खं ह्यूस्टन सोंग घेतं. 'गो टेक्सन डे' म्हणतात त्याला. आमच्या ऑफिसात अकाउंट्सपासून एचआरपर्यंत सगळे बूट-हॅट चढवून येतात. त्याच दिवशी लांबलांबच्या गावांतून घोड्यांवर आणि वॅगनमधून निघालेले ट्रेल रायडर शहरात येऊन थडकतात. ही प्रथा 1952ची. मग तीनेक आठवडे रोडिओ, म्हणजे काउबॉयांच्या कसरतींचा मेळा. स्टेडियममध्ये आधी बैलावर टिकून बसायची स्पर्धा, आणि ती आटोपली की तिथेच गाण्याचा कार्यक्रम.

2024मध्ये गायिका बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' हा कंट्री संगीताचा (अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांचं समजलं जाणारं संगीत) अल्बम आला आणि हे वेड पार न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीपर्यंत पोचलं. "मामा, तुझ्याकडे बूट स्वस्त मिळतात का रे?" मी ते कौतुकाने आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, तर लगेच एकाचा टोमणा: जन्मात म्हशीच्या शेपटीला हात लावला नाही आणि निघाले काउबॉय व्हायला!

टोमणा झकास आहे, पण मला पटत नाही. कारण मी ज्या भागात नोकरी करतो, त्या पॅसाडीनाने (कॅलिफोर्नियातलं नव्हे, आमचं टेक्सासचं) हे सगळं एकदा करून झालंय. इथे स्पेन्सर हायवेवर 1971मध्ये 'गिलीज' नावाचा अवाढव्य बार सुरू झाला. गायक मिकी गिली आणि शेरवुड क्रायर यांची भागीदारी. रोज रात्री तिथे हॅट घालून नाचणारे कोण होते? बरेचसे शिप चॅनलच्या, म्हणजे जहाजांच्या कालव्याच्या काठच्या रिफायनऱ्यांतले वेल्डर, पाइपफिटर, ऑपरेटर. गायीगुरांशी संबंध ताटातल्या स्टेकपुरता. बारमध्ये बैलही यांत्रिक, वीज लावली की उसळणारा. 1978मध्ये 'एस्क्वायर' मासिकात या मंडळींवर लेख आला, त्यावरून 1980मध्ये जॉन ट्रॅव्होल्टाचा 'अर्बन काउबॉय' हा सिनेमा, आणि मग न्यूयॉर्कच्या बारमध्येही लोक यांत्रिक बैलावरून आपटू लागले. म्हणजे ज्याची नक्कल शहरांनी केली, तो मुळात पाळीवर जाणारा कामगार होता.

आमच्या युनिटवरचे एक जुने ऑपरेटर, आता निवृत्त, त्या काळाबद्दल रंगून सांगायचे. पाळी सुटली की घर, आंघोळ, कडक स्टार्चची जीन्स आणि गिलीज. इथल्या लाँड्रीत आजही विचारतात, स्टार्च किती: लाइट, मीडियम, हेवी? हेवी सांगितलं तर पँट फळीसारखी ताठ परत येते. पाय घालताना आतले चिकटलेले पदर चर्र करत सुटतात. वर्षानुवर्षं एकाच जागी इस्त्री बसून पुढच्या घडीवर पांढरी रेघ उमटते, आणि ती रेघ मिरवायची असते. मी इचलकरंजीचा, घर सायझिंगवाल्यांचं. सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात आणि कापड विणून झालं की ती धुऊन काढतात, एवढंच मला ठाऊक. इथे तयार कपड्याला लोक पैसे मोजून ती पुन्हा चढवतात!

आणि ज्याला आपण अस्सल गुराख्याचा वेष म्हणतो, त्यात शहरी शिंप्यांचा हात किती! 1947ची रँग्लर काउबॉय जीन्स बेतली रोडिओ बेनने, म्हणजे फिलाडेल्फियातल्या टेलरने. खोगिरावर बसताना खिसे खाली येऊ नयेत म्हणून ते वर घेतले, खोगीर खरवडू नये म्हणून रिव्हेट (शिवणीवरच्या धातूच्या टिकल्या) चपटे केले. चमचमत्या खड्यांचे सूट गाजवले नूडी कोनने. हा जन्माने कीव्हचा, आणि आधी न्यूयॉर्कमध्ये नाचणाऱ्या बायकांची अंतर्वस्त्रं शिवायचा. एल्व्हिसचा 1957चा सोनेरी सूट याच दुकानातला.

गाण्यांचंही तेच. बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीसाठी पूर्वी दुकानदारांना काय खपतंय ते विचारत. मे 1991पासून बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजू लागले आणि त्याच सप्टेंबरात गार्थ ब्रूक्सचा कंट्री अल्बम आल्या आल्या थेट पहिल्या नंबरावर! शहरं आणि उपनगरं हे संगीत आधीही ऐकत होती, हिशेबात धरली जात नव्हती.

हिशेबात न धरलेले आणखीही आहेत. 1957पासून प्रेअरी व्ह्यू ट्रेल राइड हे कृष्णवर्णीय घोडेस्वारांचं पथक दरवर्षी ह्यूस्टनला येतं. बियॉन्से याच शहरात वाढली. तरी तिचं कंट्री गाणं आलं तेव्हा 'हिचा काय संबंध?' असं विचारणारे निघालेच. 2025मध्ये तिला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. तोवर का नाही, हा प्रश्न कुणीतरी कंट्री संगीताची राजधानी नॅशव्हिलला विचारावा.

भाचीला मी एवढंच सांगितलं: बूट घे, पण तळ चामड्याचा बघ. तो गुळगुळीत असतो तो घोड्यावरून पडताना पाय रिकिबीत अडकू नये म्हणून. तुझ्याकडे घोडा नाही, पण कंट्री गाण्यांवरचा टू-स्टेप नाचताना पाय सरकायला हवा ना. रबरी सोल फरशीला धरून ठेवतो. नवीन असताना टाच थोडी वर उचलली जाते, ते चालतं. पंजा आवळत असेल तर मात्र सेल असला तरी ठेवून दे. आणि पावसात घालू नकोस.

तिचं उत्तर आलं: "सिल्व्हर रंगात मिळतील का?"

नूडी कोन असता तर एका आठवड्यात शिवून दिले असते.