नळाला झिणझिण्या येत होत्या, तेव्हा

आईने फोनवर सहज सांगितलं, "गीझर लावल्यावर नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. चप्पल घातली की नाही येत." म्हणजे चप्पल हाच उपाय चालू होता! तिला म्हटलं, आजपासून गीझर बंद, पाणी गॅसवर तापव. आणि मी मिरजेला गेले.

वायरमन जुन्या वळणाचा होता. त्याने सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलला टेस्ट लॅम्प लावला, लख्ख. मग फेज आणि अर्थिंगला, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणाऱ्या तारेला, लावला; काहीच नाही. "काकू, हे वरचं भोक नुसतं शोभेला आहे." खाली मीटररूममध्ये आमची अर्थिंगची हिरवी वायर लोंबकळत होती. खर्च सोसायटीचा की आमचा, हा वाद अजून चालू आहे; वायर मात्र त्याच दिवशी जोडून घेतली.

"घरात एमसीबी आहेत की," बाबा म्हणाले. पण एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, सांभाळतो वायरला. माणसाच्या जिवावर बेतणारा प्रवाह इतका थोडा असतो, की 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतो का, हे तो सतत ताडून बघतो, आणि फरक दिसला की पडतो, म्हणजे वीज तोडतो. आम्ही 30 मिलिअँपिअरचा बसवला.

आणि खरी डोकेदुखी सुरू झाली. गीझर लावला की तो पडायचा. कॉइल खराब होती, ती बदलली. तरी संध्याकाळी पुन्हा अंधार! बाबांनी तर "काढून टाका ते" असा निकालच दिला. वायरमनने एकेक सर्किट सोडवून पाहिलं. शेवटी सापडलं ते जिन्यातल्या दिव्यात: फेज आमच्या घरातून, न्यूट्रल सोसायटीच्या लाइनवरून. कुणी, कधी जोडलं, देव जाणे. आरसीसीबीच्या दृष्टीने तो प्रवाह गेला तो परत आलाच नाही. दिवा सोसायटीच्या लाइनवर टाकला आणि पडणं थांबलं. आरसीसीबीवर 'टी' (टेस्ट) लिहिलेलं बटण असतं; ते आई आता महिन्यातून एकदा दाबते. लगेच पडला, तर ठीक.

जाता जाता गॅसची नळीही बदलली. तिच्यावर छापलेली मुदत कधीच उलटून गेली होती.

बाबांच्या खाटेमागचा, टेपने गुंडाळलेला एक्स्टेन्शन बोर्ड तेवढा राहिलाय. तिथे नवीन पॉइंट काढायला भिंत फोडावी लागेल, आणि बाबा म्हणतात, दिवाळीनंतर.