तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीच्या नाकाची डावी बाजू तशीच का ठेवली

"हे राहिलं का करायचं?"

गणपतीच्या कार्यक्रमाला हॉलबाहेर मी घरी बांधलेली छोटी स्पोर्ट्स कार उभी केली की पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याचं बोट गाडीच्या नाकाच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, डाव्या बाजूला असतं, हेडलाइटच्या जरा पुढे. बाकी सगळीकडे निळा रंग आरशासारखा आहे. तिथे मात्र तळहाताएवढ्या जागेत सुरकुत्या आहेत, दुधावरची साय आकसावी तशा. पुण्याचे नातेवाईक व्हिडिओ कॉलवर विचारतात. ऑफिसातले तर हक्काने विचारतात, कारण आम्ही सगळे इथे इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ गाड्यांचंच काम करतो.

सात वर्षं मी "करायचंय, वेळ होत नाही" असं सांगत आलोय. ते खोटं आहे. लांबी (पुट्टी) भरायची, घासायची, रंग मारायचा. एका शनिवार-रविवारचं काम. मागच्या महिन्यात एका परिचितांनी अगदी मनापासून "पेंटर मी देतो, पैशांची अडचण आहे का?" असं विचारलं. तेव्हा ठरवलं, एकदा सगळं लिहून टाकावं.

ज्यांना या गाड्या माहीत आहेत त्यांचा प्रश्न वेगळा असतो: नाक तयार मिळत असताना घरी का बनवलंत? त्याचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. किंवा मला सोपं वाटायचं. लोटस या ब्रिटिश कंपनीने १९५७ मध्ये सेव्हन ही छोटी स्पोर्ट्स कार आणली. सुट्या भागांत घेतली तर परचेस टॅक्स वाचायचा, म्हणून लोक ती घरी जोडायचे. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले, आणि त्याच धर्तीवर स्वतः चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, वेल्ड करून गाडी बांधणारे इथे आजही भरपूर आहेत. त्यांच्यासाठी फायबरचं नाक, मडगार्ड सगळं विकत मिळतं, पण मूळ मापाचं. मी सहा फुटांचा, पाय मोठे. मूळ मापात क्लच दाबायला गेलो की बूट ब्रेकलाही लागत होता. म्हणून पंचवीस मिलिमीटरच्या चौकोनी पाइपांची चासी मी चार इंच रुंद केली, आणि बाजारातलं नाक बसेना.

आता यावर सरळ उपाय आहे. तयार नाक मधोमध कापायचं आणि चार इंचांची पट्टी घालून जोडायचं. कित्येकांनी तसं केलंय आणि छान केलंय. मी लोकांना सांगायचो की पट्टीमुळे मधली गोलाई सपाट होते, नजरेला खटकतं. तसं होतंही थोडं. पण खरं कारण ते नव्हतं. बारा वर्षं मी दाराच्या रबरी सीलवर काम करत होतो. गाडीचा आकार दुसरे लोक ठरवतात, त्या आकारातून पाणी आत येऊ नये एवढं आम्ही बघतो. मला एकदा तरी असा एक पृष्ठभाग हवा होता, जो माझ्या हातातून आलाय. याला कुणी हौस म्हणा, हट्ट म्हणा. मला त्यात आजही काही चूक वाटत नाही.

आधी नाकाचा पूर्ण मापाचा आकार बनवायचा, त्यावर रेझिन आणि काचेच्या तंतूंचा साचा घ्यायचा, आणि त्या साच्यातून खरं नाक काढायचं, अशी ही पद्धत. आकारासाठी प्लायचे छेद उभे केले, मध्ये पीयू फोम भरला. थर्माकोल चालत नाही, पॉलिएस्टर रेझिन त्याला खाऊन टाकतं. फोमवर लांबी, मग घासणं, परत लांबी, परत घासणं. लेक तेव्हा बारा वर्षांची होती. मी बोलावलं नव्हतं, आपणहून यायची. काळ्या रंगाचा हलका फवारा मारून सगळं घासलं की खड्ड्यात काळं शिल्लक राहतं, त्यावरून सखल जागा कळते. तिला फवारा लागायचा नाही. डोळे मिटून डावा तळहात सावकाश फिरवायची, थांबायची आणि म्हणायची, "बाबा, इथे." नंतर मी फवारा मारला की तिथेच काळं उरायचं. दोन महिने शनिवारची संध्याकाळ आम्हा दोघांची होती.

माझं आजोळ पेणचं. मामांचं आयुष्य गणपतींच्या साच्यांत गेलं. गाडीचा फोटो पाठवला तेव्हा "राहिलं का करायचं" असं न विचारणारे ते एकटेच. त्यांनी फोन केला आणि म्हणाले, "अरे, डावीकडे साचा चिकटून धरला होता का?" मी हो म्हणालो. मग म्हणाले, "मेण कुणी लावलेलं?"

मी विषय बदलला.

नोव्हेंबरातला शनिवार होता. गॅरेजमध्ये पंधरा अंशांखाली रेझिन नीट पकडत नाही, म्हणून दुपारपासून हीटर लावला होता. साचा आकाराला चिकटू नये म्हणून मेणाचे सहा हात द्यायचे होते, प्रत्येक हातानंतर थांबून चमक येईपर्यंत पुसायचं. उजवी बाजू माझी, डावी तिची, असं आम्ही वाटून घेतलं. मेणावर खरं तर पीव्हीए नावाच्या द्रवाचा पातळ थर द्यायचा असतो, तो वाळून प्लास्टिकच्या कागदासारखा होतो आणि साचा सुटायला मदत करतो. त्या दमट हवेत तो वाळेना. मी पुसून काढला आणि म्हणालो, सहा हात मेण आहे, पुरे. मग जेलकोट, म्हणजे रेझिनचा पहिला गुळगुळीत थर, त्यावर काचेच्या तंतूंच्या मॅटचे थर. रात्री अकराला संपलं.

रविवारी संध्याकाळी साचा सोडवायला घेतला. उजवीकडून लाकडी पाचर सारली, टक् असा आवाज झाला आणि कड सुटली. तो आवाज फार सुखाचा असतो. लेकीने टाळी वाजवली. मग डावीकडे आलो. पाचर आत जाईना. कोमट पाणी ओतलं, रबरी हातोडीने सगळीकडून ठोकलं. अर्धा तास गेला. पुढची कड ओढली तर ती फाटून हातात आली.

मी तिच्याकडे वळलो. "तुझ्याच बाजूला धरलंय. एक काम दिलं होतं तुला. कोपरा न् कोपरा पूस म्हणून सांगितलं होतं ना?" एवढंच नाही बोललो. आणखी बोललो, तिच्या शाळेबद्दल, तिच्या धांदरटपणाबद्दल. गाडीशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि ते मी इथे लिहिणार नाही.

ती काही बोलली नाही. हातातली पाचर बाकावर ठेवली. हातमोजे काढले, मी शिकवलं होतं तसे, एकात एक उलटे करून, म्हणजे रेझिन कातडीला लागत नाही. ते डब्यात टाकले आणि घरात गेली.

नंतर मी आतला फोमचा आकार फोडून साचा मोकळा केला. दोन महिन्यांचं काम तुकड्यांनी जमिनीवर पडत होतं. साच्याच्या आत दिवा धरला तेव्हा दिसलं की बाकी डावी बाजू स्वच्छ होती. सगळीकडे मेण नीट लागलेलं होतं, माझ्या बाजूपेक्षा कांकणभर जास्तच. धरलं होतं फक्त तळहाताएवढ्या जागेत, आणि तिथे रंगासकट सुरकुतलं होतं.

ती जागा मला माहीत होती. गुरुवारी रात्री माझ्या हातून तिथे पाना पडला होता. खोक पडली, ती मी लांबीने भरली आणि स्प्रेच्या डब्यातला रंग मारला. बाकी सगळीकडे हार्डनर घातलेला टू-के रंग होता. डब्यातला रंग वरून वाळतो, पण आत कच्चा राहतो. रेझिनमधलं स्टायरीन हे द्रावक त्यात शिरतं, रंग फुगतो, उचलतो आणि जेलकोटला चिकटतो. पीव्हीएचा थर असता तर कदाचित वाचलं असतं. तोही मीच पुसला होता.

रात्री तिच्या दारापाशी गेलो. दिवा बंद होता. दार वाजवलं नाही.

तिला सांगितलं बुधवारी. मध्ये तीन दिवस का गेले, तेही सांगतो, कारण त्याबद्दल मला जास्त वाईट वाटतं. प्लायच्या तुकड्यावर मी तोच रंग मारला, दोन दिवस वाळवला आणि वर जेलकोट लावून बघितला. सुरकुतला. मग गेलो. तिच्यावर आरोप करायला मला एक मिनिट लागलं होतं, आणि माफी मागण्याआधी मी प्रयोग करून खात्री करून घेत होतो. ती म्हणाली, "ओके." मग म्हणाली, "बाबा, माझा होमवर्क राहिलाय." गॅरेजमध्ये ती परत आली नाही. बोलणं बंद झालं नाही, अबोला नाही, काही नाही. फक्त शनिवारी आली नाही.

फाटलेली कड मी साच्यावर दुरुस्त केली. सुरकुत्याही साच्यातच भरून, घासून काढता आल्या असत्या. हे जाणकार मला दरवेळी ऐकवतात, आणि ते बरोबर आहेत. मला ते जमत होतं. मी केलं नाही. त्याच साच्यातून नाक काढलं, रंगवलं आणि सुरकुत्या रंगाखाली तशाच राहू दिल्या.

सरकारी तपासणीत गाडी पहिल्या खेपेला नापास झाली, पण त्या जागेमुळे नाही. तपासणीचा शंभर मिलिमीटरचा गोळा जिथे टेकतो तिथल्या कडेची गोलाई किमान अडीच मिलिमीटर लागते. हवा आत जायच्या तोंडाची कड, तीच फाटलेली आणि मी घाईने दुरुस्त केलेली, बारीक भरली. ती जाड करून परत नेली. तपासनीसाने सुरकुत्यांवरून हात फिरवला आणि पुढे गेला. धार नसेल तर त्यांना हरकत नसते.

का ठेवली? सुरुवातीला मला वाटायचं, हा माझा दंड आहे. रोज दिसलं पाहिजे. तेव्हाच्या त्या माणसाला आज मी विचारतो की दंड असा आरशासारख्या निळ्या रंगात चारचौघांत मिरवतात का? आणि वर पुन्हा "वेळ होत नाही" म्हणून थाप मारतात? मग काही वर्षं मी स्वतःला सांगितलं की ही तिची जागा आहे, तिच्या मेणाची, तिच्या हाताची. तेही नीट बसत नाही. तिचा हात जिथे फिरला होता तो सगळा भाग गुळगुळीत आला. खराब आहे तेवढाच माझा.

ती आता वीस वर्षांची आहे, युनिव्हर्सिटीत असते. ईस्टरला घरी आली तेव्हा गाडी बाहेर काढली होती. कॉफीचा मग घेऊन समोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, हे आता नीट कर ना. लोक मलाही विचारतात, आणि मी काय सांगू?" मी म्हणालो, ते मी मुद्दाम ठेवलंय. "माहितीये," ती म्हणाली. "पण माझ्यासाठी ठेवलंय असं नको म्हणू. मला ते बघायला आवडत नाही." मग जरा थांबून म्हणाली, उन्हाळ्यात दोन आठवडे घरी आहे, हवं तर घासायला येईन.

टू-के रंगाचा निळा डबा आणून ठेवलाय. जून संपत आला. मी तिला अजून काही कळवलेलं नाही.