एअर रायफलसाठी पेलेटचा लॉट कसा निवडावा

10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा 0.5 मि.मी.चा असतो आणि पेलेट, म्हणजे रायफलमधून सुटणारी शिशाची छोटी गोळी, 4.5 मि.मी.चं. पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून 2.5 मि.मी.च्या आत पडला की 10.0 मिळतात. तिथून आत सरकाल तसा दर 0.25 मि.मी.ला एक दशांश वाढतो, 10.9 हवे असतील तर 0.25 मि.मी.च्या आत. पेलेटवर किती पैसा आणि वेळ घालवायचा, हे या मापांवरूनच ठरवायला हवं.

आधी स्वतःचा ग्रुप, म्हणजे एकाच जागी नेम धरून मारलेल्या शॉटचा फैलाव, मोजा. नेमबाजाची चूक आणि पेलेटची चूक यांची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज होऊन वर्गमूळ निघतं. समजा तुमचा स्वतःचा फैलाव 12 मि.मी. आहे. 2 मि.मी. फैलावाचं पेलेट वापरलं तर एकूण साधारण 12.17 होतो, 1 मि.मी.चं वापरलं तर 12.04. फरक नगण्य. त्या पायरीवर जॅकेटचं फिटिंग, खांद्याला टेकणाऱ्या बटप्लेटची उंची आणि ट्रिगरवरचं काम जास्त फळ देतं. चांगल्या कंपनीचा मॅच पेलेटचा एक डबा घ्या आणि सराव करा. पण फैलाव 4 मि.मी.वर आला की हिशेब बदलतो: 4.47 आणि 4.12. आता हातातून सुटलेले दशांश पेलेटचे आहेत आणि लॉट टेस्टिंगला, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेल्या वेगवेगळ्या बॅचेस मारून बघण्याला, अर्थ आहे.

डब्यावर हेडचा, म्हणजे पेलेटच्या पुढच्या भागाचा, आकार मि.मी.मध्ये लिहिलेला असतो: 4.49, 4.50, 4.51. त्या आकड्यावर फार विसंबू नका. आर10 असो की फिनाले मॅच (दोन्ही मॅच पेलेटची नावं), एकाच मापाचे दोन लॉट एकाच बॅरलमधून वेगळे वागतात, कारण साचा झिजतो आणि बदलला जातो. खरेदी करताना बघायचा तो स्टिकरवरचा लॉट नंबर. शेजारच्या लेनवर ज्या लॉटने 60 शॉटमध्ये 630 मारले तो तुमच्या बॅरलला चालेलच असं नाही.

टेस्टसाठी रायफल व्हाइसमध्ये (घट्ट पकडणाऱ्या शिकंजात) धरायची ती ॲक्शनला, म्हणजे बॅरल आणि बोल्ट बसवलेल्या धातूच्या भागाला, स्टॉकला, म्हणजे बाहेरच्या दांड्याला, नव्हे. स्टॉकचे जोड दाबाखाली सरकतात. हवेचा सिलिंडर पुरेसा भरलेला ठेवा, म्हणजे टेस्ट अर्ध्यात असताना दाब रेग्युलेटरच्या (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाच्या) पातळीखाली जाणार नाही. लॉट बदलला की पहिले 10 शॉट मोजू नका. आधीच्या पेलेटचं शिसं आणि वंगण बॅरलमध्ये असतं, नव्याचा थर बसायला तेवढे लागतातच. मग 10-10 शॉटचे किमान तीन ग्रुप, प्रत्येक वेगळ्या कार्डावर, आणि कार्डावर लॉट नंबर आधी लिहून. नंतर लिहू म्हणणाऱ्यांची कार्डं हमखास मिसळतात.

5 शॉटच्या ग्रुपवर निर्णय घेणं ही सगळ्यात महागडी चूक. तेच पेलेट, तीच रायफल, तरी 10 चा ग्रुप 5 च्या ग्रुपपेक्षा सरासरी जवळपास सव्वापट मोठा येतो, आणि 5-5 चे दोन ग्रुप तर निव्वळ योगायोगाने एकमेकांच्या दीडपट निघू शकतात. लहानसा ग्रुप दिसला की मन त्यावर बसतं आणि 20 डबे घेतले जातात. ग्रुप मोजताना बाहेरच्या कडांमधलं सर्वांत मोठं अंतर घ्या आणि त्यातून 4.5 वजा करा. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर त्याहून चांगलं: प्रत्येक शॉटचे एक्स आणि वाय आकडे घेऊन ग्रुपच्या मध्यापासूनच्या अंतरांची सरासरी काढा. त्यात सगळे शॉट बोलतात, फक्त टोकाचे दोन नाही. लांब गेलेला शॉट वगळायचा मोह होतो. पेलेट चेपलेलं आहे हे लोड करण्यापूर्वीच दिसलं असेल तरच वगळा.

ग्रुप उभा लांबत असेल तर पेलेटला दोष देण्याआधी क्रोनोग्राफ, म्हणजे पेलेटचा वेग मोजणारं यंत्र, लावा. 170 मी./सेकंद वेगाने, हवेचा अडथळा सोडला तर, 10 मीटरमध्ये पेलेट सुमारे 17.0 मि.मी. खाली येतं, 168 ला सुमारे 17.4. म्हणजे वेगात 2 मीटरचा फरक आणि टार्गेटवर 0.4 मि.मी., दीड दशांशाहून जास्त. सलग 5 शॉट घ्या, 10 मिनिटं थांबा, मग एक घ्या. तो एकटाच शॉट बाकीच्यांपासून फटकून असेल तर रेग्युलेटरची सीट गळते आहे. कितीही लॉट बदलले तरी उपयोग नाही, रायफल सर्व्हिसला द्या. ग्रुप आडवा पसरत असेल तर व्हाइस तपासा आणि बॅरलच्या तोंडाशी साचलेलं शिसं सुती कापडाने पुसा.

वजन करून पेलेट वेगळी काढायचा उद्योग बरेच जण करतात. 0.53 ग्रॅमच्या पेलेटमध्ये एक टक्का फरक म्हणजे सुमारे 0.005 ग्रॅम. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्याला तो दिसतच नाही; 0.001 चा लागतो. आणि त्या एक टक्क्याने वेग अर्धा टक्का बदलला असं धरलं तरी टार्गेटवर 0.2 मि.मी.पेक्षा कमीच. हा वेळ नजरेने तपासण्यात घालवणं मला जास्त पटतं. पेलेट टॉवेलवर सांडा, भिंगाखाली एकेक फिरवा. हेडच्या कडेला खाच असेल तर सरळ बाजूला काढा, कारण बॅरलच्या खाचांवर तीच कड चालते. स्कर्ट, म्हणजे पेलेटचा मागचा पोकळ घेर, लंबगोल झालेला दिसला तरी तेच. तिथूनच हवा अडवली जाते. लोड करतानाही पेलेट तिरकं बसलं आणि बोल्ट रेटून लावला की चांगलं पेलेट तिथेच खराब होतं. बोल्टला नेहमीपेक्षा जोर लागला, तर उघडून बघा.

पेलेट धुऊ नका. वंगण निघून जातं आणि बॅरलला शिसं धरायला लागतं. डब्यातल्या पेलेटवर पांढरी पूड दिसली तर ते ऑक्साइड. तो डबा मॅचसाठी नाही. बॅरल साफ करायची तर फेल्टचे तुकडे दोरीला लावून ब्रीचकडून (पेलेट भरतो त्या मागच्या टोकाकडून) तोंडाकडे ओढा, उलट नाही, आणि नंतर 15-20 शॉट मारल्याशिवाय ग्रुपबद्दल मत बनवू नका.

लॉट पसंत पडला की हिशेब करून एकदाच घ्या. दिवसाला 100 शॉट, आठवड्याला 5 दिवस, म्हणजे 500 चा एक डबा दर आठवड्याला. सहा महिन्यांना 26. त्यातले 8 मॅचसाठी वेगळे ठेवा, कोरड्या जागी, झाकणाला टेप लावून. डबे हलवू नका, पेलेट आपसात घासून चेपतात. शिसं पोटात जाऊ नये म्हणून पेलेट तोंडात कधीच धरू नका, रेंजवर खाऊ नका, निघताना हात साबणाने धुवा. आणि पेलेट-ट्रॅप झाडायचा असेल तर कोरडा झाडू नका, ओल्या कापडाने पुसा.