बेसबॉलमधली ट्रेड-वेव्हरची भानगड मला एका पिचरमुळे कळली

२०१३ ला कामासाठी शिकागोत आले तेव्हा क्रिकेट सोडून काही बघायची सवय नव्हती. ऑफिसात मात्र सगळ्या गप्पा कब्सच्या, म्हणजे इथल्या बेसबॉल टीमच्या, आणि शिव्या सगळ्या एकाच माणसाला, एडविन जॅक्सन. चार वर्षांचे ५.२ कोटी डॉलर घेऊन आलेला पिचर (म्हणजे बेसबॉलमधला बॉलर), त्या सीझनला त्याच्या नावावर ८ विजय नि १८ पराभव. म्हटलं बघू तरी कोण आहे हा. आऊट, इनिंग वगैरे क्रिकेट बघणाऱ्याला पटकन समजतं हो, खरी भानगड म्हणजे खेळाडू या टीममधून त्या टीममध्ये जातो कसा, त्यात माझा घाम निघाला.

आपल्या डोक्यात आयपीएलचा लिलाव असतो, बोली लागली की सीझनभर निवांत. इथे ट्रेड म्हणजे दोन टीमांमधला सौदा झाला की सकाळी एका टीमचा माणूस संध्याकाळी दुसरीचा, आणि त्याला कुणी विचारतसुद्धा नाही! एकूण दहा वर्षं झालेली आणि शेवटची पाच त्याच टीममध्ये असतील, किंवा काँट्रॅक्टात तसं लिहून घेतलं असेल, तरच नाही म्हणता येतं. जॅक्सन पाच वर्षं एका जागी टिकलाय कुठे. जून २०१० मध्ये ॲरिझोनाकडून नो-हिटर टाकला, १४९ बॉल, ८ वॉक म्हणजे आठदा बॅटर फुकटात बेसवर, पण अख्ख्या सामन्यात हिट, म्हणजे बॅटने मारून बेसवर पोचणं, एकही नाही (मी नंतर यूट्यूबवर बघितला, जीव टांगणीला लागतो), आणि जुलैअखेर ॲरिझोनाने त्याला शिकागोच्याच दुसऱ्या टीमकडे, व्हाइट सॉक्सकडे धाडलंसुद्धा. २७ जुलै २०११ ला तर व्हाइट सॉक्सनी टोरांटोला दिला आणि टोरांटोने त्याच दिवशी सेंट लुइसला. त्याच वर्षी सेंट लुइस वर्ल्ड सिरीज जिंकलं, म्हणजे साहेब चॅम्पियन.

डीएफए (डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट) हा प्रकार कळायला सगळ्यात वेळ लागला. २०१५ च्या जुलैत कब्सनी त्याला डीएफए केलं. म्हणजे टीमच्या ४० जणांच्या यादीतून नाव काढायचं, मग ठरलेल्या दिवसांत ट्रेड करा, वेव्हरवर टाका (म्हणजे बाकीच्या टीमना उचलायची संधी द्या) नाहीतर सोडून द्या. वेव्हरवर असताना जी टीम उचलेल तिच्या डोक्यावर उरलेला सगळा पगार, मग कोण कशाला हात लावतंय! पण एकदा सोडून दिला की राहिलेले पैसे कब्सनीच द्यायचे आणि नव्या टीमला फक्त मिनिमम पगार पडतो. तिथे माझी ट्यूब पेटली. अटलांटाने घेतला तो असा.

पुढे मायामी, सॅन डिएगो, बाल्टिमोर, मधेमधे मायनर लीगचं (खालच्या दर्जाच्या लीगचं) काँट्रॅक्ट घेऊन ट्रिपल-ए मध्ये, म्हणजे त्यातल्या सगळ्यात वरच्या पायरीवर, वाट बघत बसणं. २०१८ ला ओकलंडने घेतला तर पठ्ठ्याने १७ सामन्यांत सुरुवात केली आणि ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावांची सरासरी, कमी तितकी चांगली) ३.३३, डेट्रॉइटकडून ऑलस्टार झाला होता त्या २००९ पेक्षाही चांगला. २०१९ च्या मे मध्ये टोरांटोने नुसत्या कॅशवर घेतला, ती चौदावी टीम, ऑक्टेव्हिओ डोटेल या पिचरचा तेरा टीमचा रेकॉर्ड मोडला. टोरांटो म्हणजे तेच बरं का, २०११ ला ज्यांनी त्याला एक दिवसही ठेवला नव्हता.

कुणाला हे सगळं शिकायचं असेल तर अशाच एका पिचरचे ट्रान्झॅक्शन्स पहिल्यापासून वाचा. सुपरस्टार घेऊ नका, ते बऱ्याचदा वर्षानुवर्षं एकाच जागी बसून असतात.